सहीखालचा प्रश्न

नागभीडच्या एका शाळेत २०२२ साली दिवाळीनंतर व्याख्यानाला जाण्याचा योग आला. विषय होता अवकाशविज्ञान. वास्तविक हा काही माझा विषय नव्हे. धातू आणि मिश्रधातू तापले म्हणजे त्यांच्यात काय बदल होतात, यावर मी काम करतो. परंतु फलकावर माझ्या नावाशेजारी रॉकेटचे चित्र काढलेले होते आणि परिचय करून देणाऱ्यांनी मला सरळ 'अवकाश शास्त्रज्ञ' करून टाकले. मुलांच्या दृष्टीने मी जवळजवळ अंतराळवीरच झालो होतो.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, परिचय आणि अध्यक्षांचे मनोगत यांत ४५ मिनिटे गेली. मी ४० मिनिटे बोललो. मग सूत्रसंचालकांनी जाहीर केले, की वेळेअभावी प्रश्नोत्तरे होणार नाहीत. मात्र ज्यांना पाहुण्यांची सही हवी असेल त्यांनी रांगेने यावे. प्रश्नांसाठी नसलेला वेळ सह्यांसाठी निघाला. पुढची ४५ मिनिटे मी सह्या करीत होतो.

त्या रांगेत सातवी-आठवीतला एक मुलगा होता. त्याने वही उघडून पुढे ठेवली. पान कोरे नव्हते. वर दोन ओळी लिहिलेल्या होत्या, खाली मोकळी जागा होती. हाताला सवय झाली होती, म्हणून मी सही केली आणि सही करता करता त्या ओळी वाचल्या. 'सर, लाडबोरीत पडलेलं कडं वरून येताना जळून का नाही गेलं?' मी म्हणालो, "वा, छान प्रश्न आहे!" तेवढ्यात त्या वहीवर दुसरी वही येऊन पडली. मुलगा आपली वही घेऊन गेला.

परतताना भिवापूर गेले, उमरेड आले, तेव्हा माझ्या लक्षात आले, की त्या दिवशी मला विचारला गेलेला एकमेव प्रश्न तो होता. आणि तो अवकाशाचा नव्हता, धातू तापल्यावर काय होते याचा होता. म्हणजे ज्या विषयात मी आयुष्य घालवले, नेमका त्याच विषयातला. त्याखाली मी सही केली आणि उत्तर दिले नाही.

या लेखाचे निमित्त एवढेच. परंतु ही एका कार्यक्रमाची गोष्ट नाही. २५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला अवकाशात गेले आणि आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर राहून १५ जुलैला परतले. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी आपल्या देशाला दुसरा अंतराळवीर मिळाला. गगनयान मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांची नावे फेब्रुवारी २०२४ मध्येच जाहीर झाली आहेत. यापुढे अंतराळवीरांची व्याख्याने वाढतील, आपण मुलांना घेऊन जाऊ आणि मुले वह्या पुढे करतील. तेव्हा या प्रथेकडे एकदा चिकित्सक नजरेने पाहिले पाहिजे.

सहीचा हिशेब

प्रथम साधे गणित करू. सभागृहात ३०० मुले आहेत. वही पुढे करणे, सही, वही मागे घेणे, यास १० सेकंद धरले तर ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटे लागतात. या ५० मिनिटांत प्रत्येक मुलाच्या वाट्याला पाहुण्यांचे १० सेकंद येतात आणि त्या १० सेकंदांतही पाहुण्यांची नजर वहीवर असते, मुलावर नसते. त्याऐवजी एका प्रश्नाला ३ मिनिटे दिली तर तेवढ्याच वेळात १६ प्रश्नांची उत्तरे होतात आणि प्रत्येक उत्तर तीनशेच्या तीनशे मुले ऐकतात. सही एकाच मुलाची होते, उत्तर मात्र सगळ्यांचे होते.

अवकाशात जाऊन आलेला माणूस पुस्तकात नसलेले काही सांगू शकतो. वजनरहित अवस्थेत पहिल्या दिवशी पोटात कसे होते, झोपताना हात कुठे ठेवावेत, परत आल्यावर चमचा किती जड वाटतो, हे ज्याने अनुभवले त्यानेच सांगावे. अशा माणसाचा तास आपल्या मुलांना आयुष्यात कदाचित एकदाच मिळेल. त्यातली ५० मिनिटे त्याला स्वतःचे नाव लिहायला लावण्यात घालवणे, ही उधळपट्टी आहे.

सहीचा बाजार

सहीचे वेड आजचे नाही. युरी गागारिन १९६१ च्या अखेरीस भारतात आले तेव्हा मुंबईलाही आले होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स हे तिघे जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईत येऊन गेले. अशा पाहुण्यांना पाहायला लोटणारी गर्दी स्वाभाविक होती. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत-७ वर जवळजवळ आठ दिवस राहून आले. चाहते सह्यांसाठी आरडाओरडा करीत, कपडे ओढीत आणि राजकारणी मंडळी आपल्याला मतदारसंघांतून मिरवून आणीत, असे त्यांनीच पुढे एका मुलाखतीत सांगितले आहे. पुष्कळ वर्षांनंतरही आया आपल्या मुलांना त्यांची ओळख 'हे काका चंद्रावर जाऊन आले' अशी करून देत.

या शेवटच्या वाक्यावर शिक्षकांनी क्षणभर थांबावे. शर्मा चंद्रावर गेले नव्हते. अवकाशस्थानके पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर फिरतात. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. आजचे आंतरराष्ट्रीय स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. ते नागभीडच्या डोक्यावरून जाते तेव्हा नागभीडकरांना मुंबईपेक्षा जवळ असते! ज्याची सही घ्यायची तो कुठे जाऊन आला, एवढेही ठाऊक नसताना सही घेता येते. प्रश्न मात्र विचारता येत नाही. दोहोंतला फरक इथे स्पष्ट होतो.

परदेशांत या हौसेचा बाजार झाला. आर्मस्ट्राँग अनेक वर्षे मागेल त्याला सही देत. त्या सह्या विकल्या जातात आणि खोट्याही बनवल्या जातात, हे दिसल्यावर १९९४ च्या सुमारास त्यांनी सही देणे थांबवले. परिणामी त्यांच्या जुन्या सहीची किंमत आणखी चढली. अपोलोच्या काळात येणाऱ्या पत्रांचा ढीग इतका मोठा असे, की सह्या करण्यासाठी यंत्र वापरले जाई. पेन धरलेला यांत्रिक हात अंतराळवीराची सही हुबेहूब गिरवीत असे. आयुष्यभर जपलेल्या काही सह्यांना त्या अंतराळवीराचा हातही लागलेला नसणार. १९७१ च्या अपोलो-१५ मोहिमेत तर अंतराळवीरांनी टपाल-तिकिटे लावलेली सुमारे ४०० पाकिटे परवानगीवाचून चंद्रापर्यंत नेली. त्यांतली १०० एका जर्मन व्यापाऱ्याच्या हाती पडून विकली गेली. प्रकरण उघडकीस आले आणि त्या तिघांपैकी कोणीही पुन्हा अवकाशात गेले नाही.

याच सह्यांची एक करुण बाजूही आहे. अपोलो-११ च्या अंतराळवीरांना पुरेसा आयुर्विमा परवडणारा नव्हता. म्हणून उड्डाणापूर्वी त्यांनी पाकिटांवर सह्या करून ती घरच्यांसाठी ठेवली. आपण परत आलो नाही, तर ती विकून कुटुंबाचा निर्वाह व्हावा, हा हेतू. तेव्हा सही ही निव्वळ थिल्लर गोष्ट आहे असे मला म्हणायचे नाही. आक्षेप आहे तो शाळेच्या कार्यक्रमात तिला मिळालेल्या जागेबद्दल.

पोस्टकार्डाची युक्ती

या प्रश्नावरचा उत्तम तोडगा महाराष्ट्रातच निघाला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्याभोवती व्याख्यानानंतर मुले सह्यांसाठी गराडा घालीत. ते मुलांना सांगत, की सही आता मिळणार नाही. मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्या उत्तराखाली माझी सही असेल. ते खरोखर उत्तरे पाठवीत. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा या पोस्टकार्डांची अनेकांना आठवण झाली.

या युक्तीत तीन गोष्टी साधतात. एक, सहीची ओढ नाकारली जात नाही, तिला कामाला लावले जाते. दोन, प्रश्न शोधण्यासाठी मुलाला घरी जाऊन विचार करावा लागतो. गर्दीत सुचलेल्या आणि दोन दिवस मनात घोळलेल्या प्रश्नांत फरक असतो. तीन, पोस्टकार्डाला पुण्याहून जेवढे पैसे पडतात तेवढेच नागभीडहून पडतात. रांगेत पुढे घुसणाऱ्या मुलाला तिथे काही जास्त मिळत नाही.

आणखी एक गोष्ट मला अलीकडे जाणवली. प्रयोगशाळेत आम्ही रोजच्या नोंदवहीत निरीक्षणाखाली तारीख घालून सही करतो. तिचा अर्थ असा, की वर लिहिले आहे ते मी पाहिले आहे आणि त्याची जबाबदारी माझी. विज्ञानात सहीला हा एकच अर्थ आहे. उत्तराखालच्या सहीला तो अर्थ होता. कोऱ्या पानावरच्या सहीला कसलाच अर्थ नाही. आणि प्रश्नाखाली केलेली माझी सही म्हणजे तर न फेडलेले कर्जच होय.

रांगेची दुसरी बाजू

हे मत मी काही शिक्षकांजवळ बोलून दाखवले तेव्हा एका अनुभवी शिक्षिकेने मला अडवले. त्यांचे म्हणणे असे: 'सर, प्रश्नोत्तरांचा तास ठेवला तर हात कोणाचे वर होतात? पहिल्या रांगेतल्या, घरी वर्तमानपत्र येणाऱ्या चार मुलांचे. पाहुणे इंग्रजीत किंवा हिंदीत बोलतात. आमची मुले घरी झाडीबोली बोलतात, काही मुले गोंडी बोलतात. शंभर जणांसमोर उभे राहून चूक होण्यापेक्षा ती गप्प बसतात. सहीच्या रांगेला भाषा लागत नाही. त्या रांगेत माझी शेवटच्या बाकावरची मुलगी आणि डॉक्टरांचा मुलगा सारखेच असतात.'

हा आक्षेप खरा आहे आणि त्याने माझ्या टीकेची दिशा बदलली. मूल सही मागते तेव्हा पुष्कळदा त्याला सही नको असते, त्या माणसाच्या जवळ जायचे असते. जवळ जाण्याचा दुसरा मार्ग आपण ठेवलेला नसतो. लाडबोरीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने काय केले पाहा. प्रश्नोत्तरे रद्द झाली, म्हणून त्याने आपला प्रश्न सहीच्या रांगेतून आत आणला. चूक रांगेत उभ्या राहणाऱ्यांची नव्हती. चूक कार्यक्रम आखणाऱ्यांची होती आणि न थांबणाऱ्या माझी होती.

नुसती प्रश्नोत्तरे ठेवूनही भागणार नाही, हे यातून ओघानेच आले. मुलांनी आपल्या भाषेत, लिहून, आधी विचारले पाहिजे आणि पाहुण्यांपर्यंत ते पोहोचवण्याचे काम शिक्षकांनी केले पाहिजे.

मग काय करावे?

अंतराळवीर येणार असतील तर आठवडाभर आधी वर्गात एक खोके ठेवावे. मुलांनी नाव घालून किंवा न घालता, कोणत्याही बोलीत, चिठ्ठीवर प्रश्न टाकावेत. एकसारखे प्रश्न एकत्र करावेत. ज्यांची उत्तरे पुस्तकात मिळतात ती वर्गातच शोधावीत. जे जाऊन आलेल्या माणसालाच विचारायला हवेत असे १५ निवडावेत, गरज पडल्यास भाषांतर करून पाहुण्यांकडे पाठवावेत आणि सभेत ते त्या त्या मुलाकडूनच वाचून घ्यावेत.

प्रश्न चांगला कसा होतो, याचे एक उदाहरण देतो. शुभांशु शुक्लांनी अवकाशस्थानकावर मूग आणि मेथीच्या बिया रुजवल्या होत्या. 'तुम्हाला तिथे कसे वाटले?' हा प्रश्न त्यांना हजार जणांनी विचारला असेल. आता वर्गात हे करा: काचेच्या ग्लासात आतून ओला टीपकागद लावून त्यात मूग अडकवा. दोन दिवसांनी मुळे खाली वाढू लागली, की ग्लास आडवा करा. एक-दोन दिवसांत मुळे वळून पुन्हा जमिनीकडे जातात. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते गुरुत्वामुळे तळाशी बसतात आणि मुळाला 'खाली' कुठे ते कळते. हे पाहिलेला मुलगा आपोआप विचारील, 'तुमच्या मुगाची मुळे कोणत्या दिशेला गेली?' या प्रश्नाचे उत्तर देताना पाहुण्यांनाही आनंद होईल.

सत्कार १० मिनिटांत आटपावा. सही हवीच असेल तर एकच घ्यावी, सर्व प्रश्न लिहिलेल्या तक्त्याखाली, आणि तो तक्ता शाळेत लावावा. ज्या प्रश्नांना वेळ उरला नाही ते टपालाने पाठवावेत. अंतराळवीराला प्रत्येक पत्राचे उत्तर देणे जमणार नाही. पण जवळच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना, आमच्यासारख्या संशोधकांना ते जमते आणि त्यांनी ते केले पाहिजे.

लाडबोरीचे कडे

आता माझे कर्ज. त्या मुलाचा शोध घेण्याचा मी प्रयत्न केला. तो कार्यक्रमासाठी दुसऱ्या शाळेतून आला होता, एवढेच कळले. म्हणून उत्तर इथे देतो.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री पावणेआठच्या सुमारास, विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे ओळीने जाताना लोकांनी पाहिले. नागभीडला लागून असलेल्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक भले मोठे कडे पडले. आसपासच्या भागात पोकळ गोळेही सापडले. कोणाला इजा झाली नाही. काही दिवसांनी इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या लाँग मार्च ३बी या चिनी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी कक्षेच्या गणितावरून मांडले.

कक्षेतल्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. या वेगाने जाणाऱ्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये सुमारे ३ कोटी ज्यूल गतिज ऊर्जा असते. एक किलो ॲल्युमिनियम वितळवायला साधारण १० लाख ज्यूल पुरतात. म्हणजे ऊर्जा वितळवण्यास लागते त्याच्या तीसपट आहे! तेव्हा खरा प्रश्न हाच, की काही उरते तरी कसे? मुलाने नेमके तेच विचारले होते.

आपण सर्रास सांगतो की हवेच्या घर्षणाने वस्तू जळते. मुख्य कारण ते नाही. इतक्या वेगाने येणाऱ्या वस्तूपुढची हवा बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते आणि दाबल्यामुळे तापते. सायकलच्या पंपाचे टोक बोटाने बंद करून जोराने हवा मारली, की पंप गरम होतो, तसेच. यातली बहुतेक उष्णता तापलेल्या हवेबरोबर मागे निघून जाते. वस्तूच्या वाट्याला थोडीच येते. कोणाच्या वाट्याला किती, हे आकार आणि वजनावर ठरते. तेंदूचे सुकलेले पान आणि आवळा एकदम सोडून पाहा. पान लवकर मंदावते. त्याचप्रमाणे मोठ्या आकाराच्या पण हलक्या, पोकळ वस्तू उंचावरच्या विरळ हवेतच आपला वेग गमावतात आणि दाट हवेत येईपर्यंत बऱ्याच सावकाश झालेल्या असतात. शिवाय सुरुवातीला त्या रॉकेटच्या आत झाकलेल्या असतात. बाहेरचे भाग तुटून गेल्यावरच उघड्या पडतात. गडगडत आल्याने उष्णता सर्व बाजूंना वाटली जाते.

शेवटचा मुद्दा पदार्थाचा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, लोखंड १५३८ अंशांना आणि टायटॅनियम १६६८ अंशांना. मोठ्या दाबाखाली वायू साठवणाऱ्या टाक्या टायटॅनियमसारख्या धातूच्या किंवा वरून कार्बनच्या धाग्यांचे वेष्टण असलेल्या असतात. जगभर रॉकेटांचे अवशेष म्हणून असे गोळे पुन्हा पुन्हा सापडतात, त्याचे कारण हेच.

हे सांगायला मला त्या दिवशी ५ मिनिटे लागली असती. तेवढ्या वेळात मी ३० सह्या केल्या. सिंदेवाही-नागभीड भागातल्या शिक्षकांना विनंती, की हा मजकूर वर्गात वाचून दाखवावा. ज्याच्या वहीत त्या प्रश्नाखाली माझी सही आहे, त्याला पुढचा काही प्रश्न पडला असेल, तर त्याने तो पोस्टकार्डावर या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावा. या वेळी सही उत्तराखाली असेल.